सरासरी चार फुलपाखरं

वीज मोजायला येणाऱ्या माणसाकडे कोणी नीट बघत नाही. बघतात ते त्याच्या हातातल्या यंत्राकडे, तेही या खेपेला आकडा किती फुगला एवढंच पाहायला. भिंगकाका एकतीस वर्षं शहराच्या पश्चिम भागातल्या अडीच हजार घरांच्या जिन्याखाली, पोर्चमध्ये आणि मागच्या दारी जाऊन आले, तरी त्यांना मिशी आहे की नाही हे त्यातल्या दहा जणांनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. मिशी होती, आणि चांगली भरघोस होती.

भिंगकाका हे नाव कचेरीतल्या मंडळींनी ठेवलेलं. जुन्या मीटरच्या काचा धुळीने आंधळ्या झालेल्या असत. बाकीचे वाचक डोळे बारीक करून तीन आहे की आठ हे अंदाजाने ठरवत आणि पुढच्या दाराला लागत. काका मात्र खिशातून भिंग काढत, रुमालाने काच पुसत आणि आकडा दोनदा वाचत. त्यांच्या आकड्याबद्दल एकतीस वर्षांत एकही तक्रार आली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

फुलपाखरांचा नाद त्यांना लागला तोही मीटरमुळेच. सोळा वर्षांपूर्वी एका इमारतीच्या जिन्याखालच्या मीटरपेटीच्या झाकणाला आतून एक कोष चिकटलेला दिसला, वाळलेल्या पानाची सुरळी असावी तसा. काकांनी तो भिंगातून पाहिला आणि झाकणाची फट थोडी उघडी ठेवून ते गेले. दोन महिन्यांनी, पुढच्या फेरीला, कोष रिकामा होता. आत कोण होतं आणि ते कुठे गेलं, हे त्या इमारतीतल्या चोवीस बिऱ्हाडांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आपल्या दाराशी कोणीतरी राहून गेलं आणि कुणाला पत्ताच नाही, ही गोष्ट काकांच्या जिवाला लागली. त्यांनी वाचनालयातून पुस्तक आणलं, मग स्वतःचं घेतलं, मग वही सुरू केली. वहीला रकाने आखले ते कचेरीच्या नोंदवहीसारखे: फाटक, तारीख, झाड, आकडा. दुसरे कुठले रकाने त्यांना सुचलेच नाहीत.

या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता, हेही सांगून टाकलं पाहिजे. फुलपाखरं बघायला लोक गाड्या काढून जंगलात जातात, गळ्यात दुर्बिणी अडकवतात आणि दुपारी उपाशीपोटी परत येऊन ‘आज हवा बरोबर नव्हती’ म्हणतात. काका दर दोन महिन्यांनी त्याच अडीच हजार फाटकांतून आत जात. कुठल्या गच्चीवर लिंबाची कुंडी आहे, कुठल्या गटारावर घाणेरीचं झुडूप माजलंय, कुठल्या घराचा कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यात फाटकापासून पायरीपर्यंत सायकसची सात झाडं ओळीने लावलेली आहेत. बुटका जाड बुंधा आणि वर पिसांसारख्या पानांचा घेर. हॉटेलांच्या आणि बँकांच्या दारात शोभेला ठेवतात ते झाड. त्यातल्या तीन झाडांना नवी पानं फुटत होती, अजून टोकं वळलेली, हात लावला तर लवतील अशी कोवळी. त्या पानांभोवती नखाएवढी तीन फुलपाखरं घिरट्या घालत होती. वरून जांभळट निळी, मिटली की राखाडी, मागच्या पंखाला दोऱ्याएवढी बारीक शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी केशरी कडेचा काळा ठिपका. काकांनी भिंग काढलं. पानाच्या वळलेल्या टोकात अंडी होती, आणि एका पानावर हिरवट अळी होती, तिच्या पाठीवर मुंग्यांची वर्दळ चाललेली. मुंग्या तिला खात नव्हत्या, राखत होत्या.

पुस्तकात हे फुलपाखरू होतं. पण पुस्तकातल्या नकाशात ते पार दक्षिणेला, समुद्राकाठच्या गरम पट्ट्यात रंगवलेलं होतं. तिथून इथपर्यंत म्हणजे आगगाडीने एक दिवस आणि वर अर्धा दिवस. एवढासा जीव तेवढा उडून येईल कसा? काका दोन दिवस हाच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी रोपवाटिकेसमोर एक ट्रक उभा दिसला आणि त्यात दाटीवाटीने सायकसच्या कुंड्या. काकांनी चालकाला विचारलं, माल कुठून आणला. चालकाने त्याच गरम पट्ट्यातल्या एका गावाचं नाव घेतलं. निळी उडून आलीच नव्हती. न उघडलेल्या पानात अंडं होऊन, ताडपत्रीखाली झाकून, आयती आली होती.

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. काकू शाळांचे गणवेश शिवायच्या. मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, “बरं झालं. निदान तिकडून कोणी आयतं आलंय. आमच्याकडे तुम्ही तर बाजारातून भाजी आणायलासुद्धा फुलपाखरू आडवं आलं म्हणून विसरता.”

गेल्या हिवाळ्यात संग्रहालयाचं एक पत्रक कचेरीच्या फलकावर लागलं. आपलं गाव सोडून नव्या मुलखात पसरणाऱ्या फुलपाखरांचा नकाशा करायचा होता, ज्यांनी पाहिली असतील त्यांनी कळवावं. पत्रकात कुठे आणि कसं पाहायचं तेही दिलं होतं: सायकसला नवी पानं फुटतात ते दोन-तीन आठवडे सोडू नका, सकाळी उन्हं आल्यावर जा, कुरतडलेली टोकं आणि मुंग्या शोधा, फुलपाखरू मग आपोआप दिसेल. काकांनी ते वाचलं आणि मनात म्हटलं, हे तर मीच सांगितलं असतं. त्यांनी लगेच फोन लावला.

नकाशा करणाऱ्या बाई तरुण होत्या, आवाजावरून घाईतल्या वाटल्या. पण तीन वर्षांच्या नोंदी आहेत म्हटल्यावर त्यांची घाई कुठल्या कुठे गेली.

“एकाच जागेच्या? सलग तीन वर्षं?” त्यांनी विचारलं.

“एकाच फाटकाच्या. दोन-दोन फेऱ्या. आणि त्या बंगल्यात एवढ्यात एकही नवी कुंडी आलेली नाही, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय.”

मग बाईंनी समजावून सांगितलं. कुंडीतून येऊन एक मोसम राहिलं आणि थंडीत मेलं, तर ते पाहुणं. त्याला नकाशावर पोकळ वर्तुळ. त्याच जागी, नवी कुंडी न येता, तीन वर्षं ओळीने दिसलं तर त्याने घर केलं म्हणायचं, त्याला भरीव ठिपका. “सध्या सगळ्यात वरचा भरीव ठिपका तुमच्यापासून सहाशे किलोमीटर खाली आहे,” बाई म्हणाल्या. “तुमचा पडला तर ते इतकं वर रुजलंय हे पहिल्यांदाच कळेल. खाली तुमचं नाव येईल. नोंदी उतरवून पाठवा.”

फोन ठेवला तेव्हा काकांचे कान गरम झाले होते. त्याला कारण होतं. त्या वर्षी शहरात नवे मीटर बसत होते. ते आपला आकडा आपणच कचेरीला कळवत, त्यांना ना भिंग लागत होतं ना भिंगकाका. तीन महिन्यांनी काका निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कोणीच येणार नव्हतं. एकतीस वर्षं वाचलेले आकडे कधीच पुसले गेले होते. राहिला असता तर हा एक ठिपका. त्यांना तो हवा होता. फार हवा होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जेवण झाल्यावर काका वह्या घेऊन बसले. दातांच्या डॉक्टरांचं फाटक, पहिलं वर्ष: पहिल्या फेरीला तीन, दुसऱ्या फेरीला पाच. दुसरं वर्ष: चार, चार. तिसरं वर्ष: दोन, सहा. त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, कागद दूर धरून पाहिला आणि तिथेच माशी शिंकली.

चार आणि चार. फुलपाखरं कधी दोनदा तेवढीच दिसत नाहीत. सारखा आकडा कुठून येतो हे काकांइतकं कोणाला ठाऊक होतं?

वीज मोजण्याच्या धंद्यात एक रीत असते. दाराला कुलूप असलं तरी आकडा कोरा ठेवता येत नाही. कोरा ठेवला तर हातातलं यंत्र पुढच्या घरावर सरकतच नाही, आणि शून्य लिहिलं तर मीटर बंद पडला म्हणून दुसऱ्या दिवशी तपासनीस दारात हजर. म्हणून कुलूप दिसलं की मागच्या आकड्यांची सरासरी भरायची आणि चालू लागायचं. एकतीस वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यासाठी डोकं लागतच नव्हतं, हातच करायचा. त्या वर्षी डॉक्टर मंडळी मुलीकडे गेली होती. पाच महिने बंगला बंद. फाटकाबाहेरून सायकस दिसत नाहीत, मध्ये उंच भिंत आहे. काकांनी यंत्रात विजेची सरासरी भरली आणि त्याच हाताने, त्याच पावली, वहीत फुलपाखरांचीही. तीन आणि पाच, सरासरी चार.

खोटं लिहावं असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. मनात काही आलंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

दोन दिवस ते मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “तुमची ती निळी मेली का? तोंड असं का केलंय?”

काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी मशीन थांबवली, ही तशी मोठी गोष्ट.

“पण आदल्या वर्षी होती ना? नंतरच्या वर्षीही होती. मग मधल्या वर्षी कुठे जाणार? असणारच की.”

“असेलही.”

“मग झालं तर. पाठवा.”

“अगं, मीटरचं वेगळं आहे. आपण बघितलं नाही तरी तो फिरत असतो. दोन महिन्यांनी दार उघडलं की सगळं सांगतो, आपली सरासरी चुकली असेल तर दुरुस्त होते. निळीला कोणी मीटर बसवलाय? ती त्या वर्षी नव्हती आणि पुढच्या वर्षी नव्या ट्रकातून दुसरीकडे उतरली आणि तिथून आली, असंही असेल. मला काय माहीत? मी भिंतीच्या बाहेर उभा होतो.”

काकूंनी सुईखालचं कापड सरळ केलं. “कोणाला कळणार नाही,” त्या म्हणाल्या. पण त्या असं म्हणाल्या, तेव्हा आपण आग्रह करत नाही आहोत हे त्यांनाही कळत होतं.

काकांना एवढ्यावर थांबता येईना. एका फाटकाचं असं झालं तर बाकीच्यांचं काय? ते कचेरीच्या नोंदीघरात गेले आणि कुलूपबंद घरांचे सोळा वर्षांचे तक्ते मागितले. तिथला कारकून म्हणाला, “काका, तीन महिने राहिलेत. आता कोणाच्या मागे लागलात?”

“माझ्याच,” काका म्हणाले.

पुढचे नऊ दिवस, फेरी आटोपल्यावर, ते तिथे बसून राहिले. एका हाताशी कचेरीचे तक्ते, दुसऱ्या हाताशी स्वतःच्या वह्या. ज्या तारखेला ज्या फाटकाला कुलूप, त्या तारखेची त्या फाटकाची फुलपाखरं लाल पेन्सिलीने छाटायची. पुस्तकात नाव शोधून ओळखलेली, वळणदार अक्षरात लिहिलेली फुलपाखरं एकामागून एक जात होती. शेवटी मोजली तेव्हा अकरा हजारांतल्या दोनशे त्रेसष्ट नोंदी सरासरीच्या निघाल्या. आपल्या आकड्याबद्दल एकही तक्रार आली नाही हे वाक्य त्यानंतर काकांनी कोणाला ऐकवलं नाही.

मग त्यांनी बाईंना फोन केला. आधी पाठ केलेलं सगळं विसरले आणि सरळच म्हणाले, “मधल्या वर्षीचे दोन्ही आकडे मी पाहिलेले नाहीत. भरलेले आहेत.”

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“म्हणजे भरीव ठिपका होत नाही,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“बाकीच्या वह्यांत?”

“दोनशे त्रेसष्ट. यादी केलीय. पाठवतो.”

बाईंनी शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत. यादी पाठवा एवढंच म्हणाल्या. काकांना वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. वाईटच वाटलं.

महिन्याभराने नकाशा आला. काकांच्या शहरावर पोकळ वर्तुळ होतं. काकूंनी नकाशा खिडकीशी नेऊन पाहिला. “एवढंसंच आहे हे,” त्या म्हणाल्या. “भरीव असतं तरी एवढंसंच असतं.” काकांनी मान डोलावली. समजूत पटली नव्हती, पण घातली होती ती आपल्या माणसाने.

काका निवृत्त झाले. उन्हं तापायला लागली तसे त्यांचे पाय शिवशिवू लागले. सायकसला नवी पानं फुटली असणार. तिसरं वर्ष तर पक्कं होतं. आता हे आणि पुढचं, अशी ओळीने दोन मिळाली तर ठिपका भरणार होता. एका सकाळी ते दातांच्या डॉक्टरांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. अंगावर गणवेश नव्हता, हातात यंत्र नव्हतं. घंटा वाजवायला त्यांना धीर होईना. एकतीस वर्षांत त्यांनी कुठलंही फाटक स्वतःच्या कामासाठी उघडलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. “मीटरवाले भाऊ? आमचा मीटर तर बदलला की.”

“मीटरसाठी नाही आलो,” काका म्हणाले. आणि मग, चोरी कबूल करावी तशा आवाजात, “तुमच्याकडे फुलपाखरं येतात. ती मोजायची होती.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. “या की,” त्या म्हणाल्या. “पण अहो, या वर्षी झाडं बघा कशी झालीत. दरवर्षी नवं पान आलं की टोकं कुरतडलेली, पिवळी पडलेली. यंदा एक पान खराब नाही.”

काकांनी पाहिलं. पाच झाडांना नवी पानं आली होती. सगळी अखंड, हिरवीगार, टोकापर्यंत शाबूत. इतके सुंदर सायकस त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते आणि बघून त्यांच्या छातीत धस्स झालं.

“औषध मारलंत?”

“छे हो, काहीच नाही.”

“नवी कुंडी?”

“एकही नाही.”

त्यांनी भिंग काढलं. एकेक पान मुळापासून टोकापर्यंत, वरून आणि खालून. अंडं नाही, अळी नाही, एक मुंगी नाही. बाईंनी खुर्ची आणून दिली, चहा आणून दिला. ऊन पायरीवर आलं, भिंतीवर चढलं. काका दीड तास बसून होते. एक पांढरं फुलपाखरू आलं आणि भिंतीवरून पलीकडे गेलं. निळी आली नाही.

वही उघडून त्यांनी फाटक लिहिलं, तारीख लिहिली, झाड लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी हात थबकला. दोन आणि सहा, हाताने मनातल्या मनात सरासरी काढूनसुद्धा ठेवली होती. काकांनी हाताला थोडा वेळ तसंच थांबवून धरलं, आणि मग शून्य लिहिलं. शेजारी नव्या पानांची संख्या लिहिली, ऊन लिहिलं, किती वाजता आले आणि किती वाजता उठले तेही लिहिलं.

फाटकाबाहेर येऊन त्यांनी नकाशावाल्या बाईंना फोन लावला. “दातांच्या डॉक्टरांकडे शून्य,” ते म्हणाले. “म्हणजे तुमच्या हिशेबाने आता पहिल्यापासून.”

“किती वेळ पाहिलंत?”

“दीड तास. पन्नास नवी पानं. एकही खाल्लेलं नाही.”

पलीकडे कागदांची सळसळ झाली. “काका, मला सोळाशे लोकांनी नोंदी पाठवल्यात,” बाई म्हणाल्या. “दिसलं की पाठवतात. शून्य कोणीच पाठवत नाही, दिसलं नाही तर लोक घरी जातात. त्यामुळे ते कुठपर्यंत आलंय हे मला सांगता येतं, कुठून परत गेलंय हे सांगताच येत नाही. हे माझ्याकडचं पहिलं शून्य आहे. आणि ते तुमचं आहे, म्हणून मी ते पुन्हा न तपासता नकाशावर लावून टाकणार आहे.”

रस्त्याच्या कडेला उभं राहून काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पण मग ती गेली कुठे?” त्यांनी विचारलं.

“मला नाही माहीत,” बाई म्हणाल्या.

“मलाही नाही,” काका म्हणाले, आणि समोरच्या बँकेच्या दारातल्या सायकसच्या दोन कुंड्यांकडे निघाले.